पाणडुबीचा शब्द

दयाराम आडमुठा नव्हता, हे आधीच सांगतो. त्याला मूर्ख म्हणणारे मागाहून पुष्कळ निघाले. पण त्याच्या बोलण्याला हो ला हो करणारेही हेच.

दुष्काळाच्या साली अमडापूरकडच्या आमच्या तलावाचा गाळ उघडा पडला. दयारामला स्वतःची जमीन नव्हती. त्यानं गाळात काकड्या लावल्या, तिथंच झोपडी घातली आणि बायकोला, पंचफुलाला, घेऊन राहिला. पुढच्या आषाढात थोडं पाणी आलं तरी वेल फळतच होते. पंचफुलाचे दिवस भरत आले होते.

"गावात चला ना आता," ती म्हणाली. "पानी चढलं तं मले पळता येनार नाई."

दयारामनं खाली बोट दाखवलं. पाण्यातल्या बाभळीच्या झुडपात शेवाळाचा ओला ढीग होता, त्यावर पाणडुबी बसलेली. तांबूस मान, शेपूट नावालाही नाही. चाहूल लागताच तिनं चोचीनं शेवाळ ओढून अंडी झाकली आणि बुडी मारली.

"पाखरू आपली अंडी बुडू देते काय? पानी चढनार असतं तं तिनं वर घातली असती."

आमच्याकडे टिटवीची अंडी पाहून पाऊस सांगतात. तिनं उंच जागी घातली, की पूर येणार. टिटवीचा हिशेब दयारामनं पाणडुबीला लावला, आणि पारावरच्या शहाण्यांनीही माना डोलावल्या.

बाजाराच्या दिवशी तो काकड्या घेऊन गेला. गावात ऊन होतं. वर डोंगरात मात्र आभाळ फाटलं आणि भर दुपारी नाला तलावात घुसला. पंचफुला झोपडीतून निघाली, पण ओल्या गाळात गुडघ्यापर्यंत रुतली. काठावर राहणाऱ्या केसरबाईनं तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, विहिरीचा दोर फेकला. तो पुरला नाही.

पंचफुला दुसऱ्या दिवशी सापडली. तिला माती देऊन आम्ही पाळीवर आलो. झोपडीच्या जागी पुरुषभर पाणी होतं. बाभळीचे नुसते शेंडे वर होते आणि त्या शेंड्यांत तो शेवाळाचा ढीग अडकला होता. तो तरंगताच होता. पाण्याबरोबर वर आला होता. पाणडुबी त्यावर आरामात बसली होती.

मला असा संताप आला, की मी दगड उचलला. दयारामनं माझा हात धरला.

"मारू नको बे," तो म्हणाला. "तिची अंडी कुठी बुडली? ते खरंच बोलली होती."