भोकं माझी, माळ नंदीची

मी समुद्रातली गोगलगाय बोलतेय. गरीब माणसाला तुम्ही गोगलगाय म्हणता ना, तसली मी नव्हे. मी शिकारी. रत्नागिरीच्या वाळूत दबा धरायचा, शिंपल्याला बिलगायचं, खरवडून खरवडून गोल भोक पाडायचं आणि आतलं मटकवायचं. काय दिवस होते ते!

पुढे अंगातला जीव गेला, उरला हा बोराएवढा शंख. देवळीच्या शाळेत शिकवणाऱ्या रूपालीने सहलीत मला उचललं, माझे भोकवाले शिंपलेही वेचले आणि सगळ्यांना अल्लीपूरला, भाची ईराकडे पाठवलं. समुद्र सुटला याचं वाईट वाटलं, पण इथली माणसं मजेची निघाली.

तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोरांनी लाकडी बैल मिरवायच्या सणाची सकाळ होती. ईराच्या लाकडी नंदीला झूल होती, शिंगांना बेगड होती, गळा तेवढा रिकामा. तिने शिंपले दोऱ्यात ओवायला घेतले, तोच तिच्या आजीने, अनुसयाबाईंनी हात धरला.

"आयती भोकं हायेत याले. कोणाच्या तरी बैलाची उतरलेली माळ हाय थे. आपल्या नंदीले नाई बांधाची."

"मंग माहा नंदी बोडक्या गळ्यानं नेऊ का?" ईराचे डोळे भरले.

मला फार राग आला. माझी कारागिरी, आणि नाव भलत्याच बैलाचं! पण शंखाला कुठली वाचा? पोरं आपापले नंदी घेऊन देवळाकडे निघालीसुद्धा.

तेवढ्यात सणाला म्हणून रूपाली बसमधून उतरून दारात आली. सगळं ऐकून तिने मला तळहातावर घेतलं.

"आई, भोकं माणसानं नाई पाडली. हिनं पाडली. शिंपल्यातला जीव खाते हे."

"एवढीशी?" अनुसयाबाईंनी मला डोळ्यांजवळ नेलं. मी मनातल्या मनात ताठ झाले. "मंग माळ कोरीच हाय. बांध बाई. आन् हिले मधात बांधजो, मेहनत हिची हाय."

मला भोक नाही, म्हणून लाल दोऱ्याने गुंडाळून मधोमध बांधलं. घरोघरी नंदीला कुंकू लागलं, थोडं मलाही लागलं.

आता आम्ही कपाटावर असतो. सण सरला तरी ईरा माळ काढू देत नाही. काढली की ती उतरलेली होईल, म्हणते. ज्यांना खाल्लं त्यांच्याच शेजारी मी बसलेय, आणि खरं सांगते, मला इथे फार बरं वाटतं. कधी किनाऱ्यावर गोल भोकाचा शिंपला सापडला, तर एवढं करा, आधी माझ्या जातीचं नाव घ्या.