'पुसू नका' असं लिहिलेला फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. वेल्सच्या खाणीतला काळा दगड कापून मला घडवलं आणि ग्लासगोतल्या एका विद्यापीठात, गणित विभागाच्या चहाच्या खोलीत, भिंतीवर बसवलं. चाळीस वर्षं मी खडूची धूळ खाल्ली. इथल्या लोकांची एक रीत होती. ज्याला आपलं लिखाण राखायचं असेल, त्यानं भोवती चौकट काढून वर 'पुसू नका' असं लिहायचं. मग सफाईवाल्या बाईसुद्धा कडेकडेनंच फडकं फिरवायच्या. तेव्हा माझं फार कौतुक होई.

नागपूरहून येऊन इथेच प्राध्यापक झालेले कमलाकरसर विभागातलं मोठं प्रस्थ. त्यांचा विषय मॉड्यूल नावाच्या रचनांचा. एका बाजूच्या मॉड्यूलचं पलीकडे प्रतिबिंब पडतं आणि तिथे मॉड्यूलांना जोडणारे सगळे बाण उलटे फिरतात. टिल्टिंग नावाच्या एका खास मॉड्यूलचं प्रतिबिंब कोटिल्टिंग म्हणवतं, हे खरं. पण सर पुढे जाऊन म्हणत, की प्रत्येक कोटिल्टिंग मॉड्यूल कुठल्यातरी टिल्टिंगचं प्रतिबिंबच असतं. अर्धी सिद्धता लिहायची, उरलेल्या अर्धीला 'तसंच उलट बाजूनं' म्हणायचं आणि खडू ठेवून चहा प्यायचा. तोच आळस त्यांच्या पेपरात, म्हणजे शोधनिबंधातही छापून आला होता.

२००५ साली त्यांची पुण्याची विद्यार्थिनी मंजिरी उकिडवे हिला असं एक कोटिल्टिंग मॉड्यूल सापडलं, जे कुणाचंच प्रतिबिंब नव्हतं. तिनं दोन तास उभं राहून ते माझ्यावर मांडलं आणि चौकट काढली. सर कप घेऊन आले, दोन ओळी वाचल्या आणि बाहीनं सगळं पुसून टाकलं. चौकटीसकट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली; फळ्याला तळपाय नसले म्हणून काय झालं?

"अगं, सिली मिस्टेक असणार कुठेतरी. ॲरोज उलटे कर, इट्स ऑब्व्हियस."

"मग सर, ती उलटी बाजू तुम्ही एकदा पूर्ण लिहून दाखवाल का, प्लीज?"

त्यांनी खडू घेतला. सातव्या ओळीवर ते अडले. चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "ओके, यू आर राइट. पेपरला करेक्शन पाठवतो."

मला वाटलं, चला, न्याय झाला. कसला न्याय! छापून आलेली दुरुस्ती घेऊन मंजिरी त्याच खोलीत त्यांच्यापुढे उभी राहिली. तिचं उदाहरण त्यात जसंच्या तसं होतं.

"सर, यात माझं नाव नाहीये."

"अगं, तू माझीच स्टुडंट ना? ग्रुपचं काम आहे हे. थीसिसमध्ये लिही की."

"थीसिसमध्ये लिहिलं तर एक्झामिनर म्हणतील, हे सरांच्या पेपरातलं आहे. माझ्या थीसिसमध्ये दुसरं नवीन काय आहे?"

सरांनी घड्याळ पाहिलं आणि ते लेक्चरला गेले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि वर पिठाच्या मालकिणीला तू आमचीच म्हणायचं! मला बोलता येत असतं, तर त्या दिवशी साऱ्या विभागानं ऐकलं असतं.

मंजिरीनं ते उदाहरण पुन्हा पहिल्यापासून माझ्यावर लिहिलं. खडू दोनदा मोडला. खाली तिनं आपलं पूर्ण नाव आणि शोध लागल्याची तारीख घातली. दुसऱ्याच दिवशी पांढरे गुळगुळीत बोर्ड आले आणि मला न पुसताच उतरवून तळघरात, भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवलं.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर बसवा असं मी म्हणत नाही. पण फळा नेहमी नीट वाचून मगच पुसावा, आणि कुणाची अक्कल उचलली तर तिचं नावही उचलावं. तिच्या परीक्षकांपैकी कुणी तळघरात आलंच, तर त्यांना एवढंच सांगा, की मला वळवा आणि तळाची ओळ वाचा. मंजिरी उकिडवे, १४ मार्च २००५. सरांची दुरुस्ती त्यानंतर तीन महिन्यांनी, जूनमध्ये छापून आली.