चार फुटांचं टोचन

आमच्या टोचनाचा दांडा दिवाळीनंतर वाढू लागला. आधी वीतभर, मग हातभर. लोखंड वाढत नाही हे मलाही ठाऊक आहे. तेवीस वर्षं मी लोखंडच ओढतोय. पण टेप लावून मोजल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

टोचन म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मध्येच थांबवायला नको. ट्रॅक्टरच्या मागे चाकांचा अवजड गाडा जोडायचा हा लोखंडी दांडा. आमचा चार फुटांचा. त्याचं एक टोक ट्रॅक्टरच्या हुकात, वरून अंगठ्याएवढी जाड पिन. दुसरं टोक कॉम्प्रेसरला. विहिरीचा खडक फोडायला कॉम्प्रेसर लागतो, आणि तो गावोगाव ओढून न्यायचा हा आमचा धंदा. पुढे ट्रॅक्टरवर मी, मागे कॉम्प्रेसरच्या लोखंडी बैठकीवर माझी बायको मालन. उतारावर मागचा ब्रेक ओढायला माणूस लागतोच. तिने नजर दांड्यावरून हलवायची नाही आणि मी रस्त्यावरून, असा नियम मीच घालून दिला होता. म्हणजे दिवसभर ती माझी पाठ बघायची आणि मी तिचं काहीच बघायचो नाही.

इंजिनाच्या आवाजात बोललेलं कळत नाही, म्हणून ती पान्याने दांड्यावर ठोकते. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मुक्कामाला पोहोचलो की ती उतरते, कॉम्प्रेसरच्या चाकामागे दगड लावते आणि ओरडते, "लागला." ते ऐकल्याशिवाय पिन उपसायची नाही. माझ्या थोरल्या चुलत्याने एकदा अंदाजाने उपसली होती. गाड्यामागे चुलती होती. त्यानंतर चुलता पंधरा वर्षं जगला, पण कोणाशी बोलला नाही.

दांडा वाढला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी, ट्रॅक्टर चालू केल्यावर, मालन मागून काहीतरी म्हणाली होती. मी "नंतर सांग" म्हणालो. एवढंच झालं होतं. संध्याकाळी मी विचारीन म्हणून ती थांबली, ती सांगेल म्हणून मी थांबलो, आणि दोघेही जेवून झोपलो.

दांडा पाच फुटांवर गेल्यावर मी तो बादशाभाई मुलाणीकडे नेला. त्याचं वेल्डिंगचं दुकान नाक्यावर आहे. त्याने दोनदा मोजलं.

"जालिंदरभाऊ, वाढलाय खरा. पाच फूट एक इंच."

"काप की मग."

"कापतो. पर कापल्याला तुकडा तुमी घिऊन जायाचा. मी ठेवून घेनार न्हाई."

"का?"

"माझं दुकान ल्हान हाय."

तुकडा घरी आणून मी भिंतीकडेला ठेवला. दुसऱ्या दिवशी दारापासून चूल तेवढीच लांब गेली होती. तिसऱ्या दिवशी आणखी. आठवडाभरात अशी वेळ आली की मालन चहा घेऊन निघायची आणि माझ्यापर्यंत यायची तोवर मी बूट घालून उभा असायचो. चहा निवलेला असायचा.

"लांब पडतंय वो," ती म्हणाली.

"तुकडा अंगणात टाकू का?"

"मग अंगान वाढंल."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तुकडा तिथेच राहिला. आणि हुकातला दांडा कापला होता त्याहून दीड हात लांब झाला होता. पुन्हा बादशाभाईकडे गेलो नाही. गेलो असतो तर तो हसला नसता, आणि तेच मला नको होतं.

पौषात मी बाजारतळ ओलांडायचो तेव्हा मालन अजून पुलावर असायची. रस्ता वळला की दांडाही तसाच वळायचा. ठोके उशिरा यायला लागले. ती थांब म्हणायची तेव्हा मी पुढच्या वळणापर्यंत गेलेलो असायचो. एकदा तिचा पदर चाकात जातो की काय असं झालं. ठोका आला तेव्हा मी एक शेत पुढे होतो. पदर तिने स्वतःच ओढून घेतला. हे तिने मला सांगितलं, आणि तिने मला सांगितलेलं ते शेवटचंच. कारण पुढच्या मंगळवारी मी घरी पोहोचलो तेव्हा ती अजून ओढ्याच्या पलीकडे होती.

दारात ट्रॅक्टर बंद करून मी थांबलो. "लागला" ऐकू येईना. ओढ्यापासून घर दीड कोस, कसं येणार? पिनेवर हात ठेवला आणि काढून घेतला. कुलूप काढावं, चूल पेटवावी, असं मनात आलं. पण हुकात दांडा अडकलेला असताना ट्रॅक्टर सोडून घरात कसं जाणार? थोड्या वेळाने सीटमधून दोन ठोके आले. चल. मी घराला वळसा घालून निघालो.

पुढचं काम कुसळवाडीच्या माळावर होतं, एका विहिरीचं. तिथे सपाट जागा आहे. तिथे पोहोचलो की दांडा सरळ होईल, आवाज येईल, असा माझा हिशोब होता.

मी एकदा मागे चालत जाऊनही पाहिलं. सकाळी निघालो, दांड्याच्या कडेकडेने. एका गावात लोकांनी त्यावर शेवया वाळत घातल्या होत्या. शेवया वाळायला असा दांडा दुसरा नाही, असं तिथल्या बायका म्हणाल्या. दुसऱ्या गावात चार म्हातारे त्यावर बसले होते.

"मागं बसल्याली बाई बघितली का?" मी विचारलं.

"बाई न्हाई बघितली," त्यातला एक म्हणाला. "आमी दांडाच बघतोय."

"अजून किती आसंल?"

"आमी बसलो तवा आमच्या गावातच संपत हुता."

दुपारपर्यंत चाललो. जितका चाललो तितकाच पुढे होता. शेवटी ऊन कलायच्या आत परतलो, कारण ट्रॅक्टर रस्त्यात उभा होता आणि मागे एसटी अडली होती. ड्रायव्हरने मला शिव्या दिल्या. मला बरं वाटलं. चार दिवसांत माझ्याशी कोणी एवढं बोललं नव्हतं.

तालुक्याच्या नाक्यावर हवालदाराने हात केला.

"मागचं वाहन कुठाय?"

"येतंय."

"किती वेळात?"

"मंगळवारपर्यंत यावं."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. "शेवटाला लाल फडकं बांधलंय का?"

"बांधलंय. बायकोच्या जुन्या लुगड्याचं. मीच बांधलंय."

"मग हरकत नाही," तो म्हणाला, आणि दांड्यावर टेकून डबा खायला बसला. त्याच्या डब्यात मेथी होती. त्याने मला विचारलं नाही, मीही मागितली नाही. घास घेताना तो सारखा घड्याळाकडे बघत होता, घरी कोणीतरी वाट बघत असल्यासारखा.

मला मालनची आठवण येऊ लागली. बायको मागेच बसलेली असताना तिची आठवण येणं ही काही लोकांना सांगायची गोष्ट नाही. तेवीस वर्षांत ती माहेरी गेली तरी मला कधी आली नव्हती. उलट भाकरी कोण करणार म्हणून राग यायचा. आता भाकरीचं काही वाटत नव्हतं. ती त्या सकाळी काय म्हणाली होती तेवढं ऐकायचं होतं. मी ते आठवून बघायचो. सुरुवात "अवो" अशी होती. पुढे इंजिन होतं.

माघाच्या अखेरीला एक कासारीण मागून चालत आली. डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं, पायाला फडकी गुंडाळलेली. ट्रॅक्टरपाशी येऊन तिने गाठोडं उतरवलं.

"दोन दिस चालतीया दांड्याच्या कडंनं," ती म्हणाली. "जालिंदर तुमीच का?"

"व्हय."

"मालकीण बरी हाय तुमची. बांगड्या भरल्या मी तिला. हिरव्या. डाव्या हातात आठ, उजव्यात सात. एक माझ्याच हातनं फुटली."

"काय बोलली का?"

"लई बोलली. पाऊसपाणी, मानसं. एक मातूर न्हाई सांगितलं. म्हनली, ते त्यास्नीच सांगनार."

"मग तुमी परत जाऊन..."

"मी म्हागं जात न्हाई," कासारीण म्हणाली. "माझी गावं म्होरं हाईत." तिने गाठोडं उचललं आणि माझ्या पुढे चालत निघून गेली. चालत जाणारी बाई ट्रॅक्टरच्या पुढे गेली, याचं मला नवल वाटलं नाही.

त्याच दिवशी दुपारी सीटमध्ये ठोके आले. मी मोजले. अकरा. थोडं थांबून पुन्हा अकरा. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. अकरा म्हणजे काय ते आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. आमच्याकडे दोनच गोष्टी बोलायच्या होत्या, असं मला वाटायचं. मी खाली उतरून माझ्या पान्याने दांड्यावर अकरा ठोके मारले, म्हणजे निदान मिळाले एवढं तिला कळेल. मग दांड्याला कान लावून बसलो. लोखंड गरम होतं. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही, आणि मग दोन आले.

फाल्गुनात कुसळवाडीचा चढ लागला. दोन्ही बाजूंना डोंगर कापून काढलेला रस्ता, एक गाडी जेमतेम जाईल एवढा. चढावर थांबायचं नसतं, हे मीच सगळ्यांना शिकवतो. मी दुसऱ्या गिअरमध्ये निघालो.

अर्ध्या चढावर पुढे एक गाडा दिसला. त्याच्या मागे लाल फडकं होतं. जवळ गेलो तेव्हा फडक्यावरचे पांढरे बुट्टे दिसले. गाठ डावखुऱ्या माणसाची होती. मी डावखुरा आहे.

गाड्याच्या बैठकीवर एक बाई पाठमोरी बसली होती. तिच्यापुढून टोचनाचा दांडा निघून चढावरून वर गेला होता आणि माथ्यापलीकडे उतरला होता. माझ्या मागचा दांडा खाली दरीत गेला होता. दोन्ही दांड्यांवर तोच निळा रंग होता, मागच्या पोळ्याला मी दिलेला.

मालनची पाठ मी पहिल्यांदा पाहत होतो. ती डाव्या खांद्याने झुकून बसते. ब्रेकची दांडी त्या बाजूला आहे, त्यामुळे असेल. मानेवर उन्हाने काळा पट्टा पडला होता. चोळीला पाठीवर ठिगळ होतं आणि ते नीट लावलेलं होतं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

मी वेग वाढवला. तीही तेवढ्याच वेगाने पुढे गेली. कमी केला, ती कमी झाली. मध्ये चार फुटांचं अंतर होतं. अंतराच्या बाबतीत माझा डोळा चुकत नाही. हॉर्न वाजवला. तिने मागे पाहिलं नाही. नजर दांड्यावरून हलवायची नाही.

मग मी चढावर थांबलो. ब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. पुढचा गाडाही थांबला. चार महिन्यांत इतकं शांत कधी झालं नव्हतं. मालन दांड्यावर वाकली, तोंड अगदी लोखंडाजवळ नेलं आणि बोलू लागली. बराच वेळ बोलली. आवाज तिचा होता, शब्द वाऱ्याने पुढे नेले. तिचा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही.

तिचं बोलणं संपलं. मग दांड्यातून माझा आवाज आला.

"नंतर सांग."

"बरं," मालन म्हणाली. हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. तिने पाना उचलला आणि दोन ठोके मारले. हिरव्या बांगड्या वाजल्या.

"मालन," मी हाक मारली. "अगं, मी म्हागं हाय."

तिची नजर दांड्यावर होती.

ते दोन ठोके माथ्यापलीकडून, गावांमधून, शेवयांखालून फिरून माझ्यापर्यंत यायचे होते. तेवढा वेळ माझ्याकडे होता. मी खाली उतरलो, बॉनेटच्या पुढे गेलो आणि लाल फडक्याचं टोक धरलं. कापड विरलं होतं पण गाठ घट्ट होती.

"आता सांग," मी म्हणालो. "मी हितं हाय."

ती वळायच्या आत माझ्या मागे ट्रॅक्टरच्या सीटमध्ये दोन ठोके पडले. सीटवर कोणी नव्हतं. इंजिन चालू झालं, गिअर पडला आणि ट्रॅक्टर निघाला, तसा पुढचा गाडाही निघाला. बाजूला व्हायला जागा नव्हती. मी दुसरा हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर टेकवला आणि मधून चालू लागलो. एक हात फडक्यावर, एक हात बॉनेटवर, अंतर बरोबर चार फूट.

मालन पुन्हा दांड्यावर वाकली आणि पहिल्यापासून सांगू लागली. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.