खांबामागचं टेबल

झेलिंदा बेर्नाबेईचा नवरा फेब्रुवारीत गेला आणि जूनच्या शेवटच्या शनिवारी ती दरवर्षीसारखी बेल्लारियाच्या हॉटेल इओलेमध्ये येऊन थडकली. एकेचाळीस वर्षं जोडीने यायची, यंदा एकटी आली, एवढाच काय तो फरक. निदान तिच्या लेखी एवढाच. बॅग मात्र तिने नेहमीची मोठीच घेतली होती. लहान बॅग पाहिली असती तर मोदेना स्टेशनवर सोडायला आलेल्या मुलीने डोळ्यांना रुमाल लावला असता, आणि झेलिंदाला रडक्या माणसांचा भारी कंटाळा.

हॉटेल इओले म्हणजे समुद्रापासून तिसऱ्या रांगेतली चोवीस खोल्यांची इमारत. स्वयंपाक खुद्द इओलेबाई करायची आणि बाकीचं सगळं तिची सून मोरेना बघायची. मोरेना कामाला वाघ होती, पण तिला माणसं मोजायची खोड होती, ती ओळखायची नाही. जेवणघरात प्रत्येक पाहुण्याची जागा ठरलेली असे. पहिल्या वर्षी जिथे बसवलं तिथेच तो हाडं थकेपर्यंत बसायचा. टेबलावर खोलीचा नंबर घातलेली नॅपकिनची पिशवी, आणि आदल्या जेवणात उरलेली वाइनची बाटली, तिच्यावरही तोच नंबर. झेलिंदा आणि तिचा नवरा ओत्ताव्हिओ यांचं टेबल खिडकीपाशी, चार नंबरचं. समोरच्या दोन उंच हॉटेलांच्या फटीतून तिथे टॉवेलाएवढा समुद्र दिसायचा.

शनिवारी संध्याकाळी जेवणाची घंटा झाली, झेलिंदा खाली आली आणि सरळ चार नंबरकडे गेली. तिथे उन्हाने लाल झालेलं एक जोडपं बसलं होतं. बेर्गामोहून पहिल्यांदाच आलेलं, ब्रेडही मोडून झालेला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती अशी. झेलिंदा काही बोलणार तोच मोरेनाने तिचा कोपर धरला आणि तिला आजाऱ्याला न्यावं तसं हळूहळू खांबाच्या पलीकडे नेलं.

"तुमच्यासाठी इकडे छान निवांत जागा ठेवलीय, सिन्योरा. तिथे बसून उगाच आठवणी नकोत."

खांबामागे तीन टेबलं होती, हातरुमाल पसरावा एवढाली, आणि प्रत्येकाला एकच खुर्ची. शेजारी स्वयंपाकघराचं दार. ते दर मिनिटाला उघडायचं आणि झेलिंदाच्या खुर्चीवर आपटायचं. एका टेबलाशी फेर्राराच्या निवृत्त शिक्षिका पुस्तकात डोकं खुपसून जेवत होत्या. दुसऱ्याशी व्होगेराचा जुना स्टेशनमास्तर एव्हारिस्तो पेपर चौघडी करून बसला होता. त्याची खुर्ची खांबाच्या अगदी समोर होती, म्हणजे तो जेवायचा गिलाव्याकडे बघत. हॉटेलातल्या एकट्या माणसांची सोय ही अशी होती. एकेचाळीस वर्षं झेलिंदा या खांबाजवळून ये-जा करत होती आणि मागे कोण बसतं हे तिने एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. याचाही तिला राग आला. पण तो स्वतःचाच होता, म्हणून तिने तोही मोरेनाच्या माथी मारला.

एव्हारिस्तो भला माणूस. त्याने मान वळवून तिला धीर दिला, म्हणाला, पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते. शिवाय स्वयंपाकघर जवळ असल्याने सूप गरम मिळतं.

"किती वर्षं पिताय हे गरम सूप?" झेलिंदाने विचारलं.

"अकरा."

झेलिंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोली मागची दिली, चालेल. दोन माणसं लिफ्टमध्ये तिला बघून गप्प झाली, तेही चालेल. पण सवय? नवरा मेला म्हणून तिने भिंतीकडे बघून जेवायची सवय करून घ्यायची? सूप गरम होतं, आणि तिने ते तसंच सोडलं.

रविवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी नेहमीप्रमाणे चिठ्ठी आली. दुपारी काय, रात्री काय, त्यावर खुणा करून घंटेआधी आत द्यायची. झेलिंदा चिठ्ठी घेऊन काउंटरवर गेली आणि आपलं टेबल परत मागितलं. मोरेनाने गोड आवाजात समजावलं की चार नंबर दोघांचं आहे, आणि ऐन हंगामात एकट्या माणसाला दोघांचं टेबल देणं कोणत्याच हॉटेलाला परवडत नाही.

"मग मी दोघांचे देते," झेलिंदा म्हणाली.

"दोघं कोण, सिन्योरा?"

"ते मी बघीन. तू दोन खुर्च्या ठेव आणि दोन ताटं वाढ. खोली मागचीच राहू दे. डोळे मिटल्यावर सगळ्या खोल्या सारख्याच."

तिने चिठ्ठीवर दोन रांगांत खुणा केल्या, एका रांगेत ताल्यातेल्ले म्हणजे पट्ट्यांच्या शेवया, दुसऱ्या रांगेत तळलेली मासळी, आणि मोरेनाचं उघडं तोंड मिटायच्या आत वळली. जेवणाला अजून बराच वेळ होता. ती रिकाम्या जेवणघरात गेली, चार नंबरच्या टेबलाशी बसली आणि शब्दकोडं उघडलं. बसण्याचा तिला सराव होता. त्र्याहत्तर साली सास्सुओलोच्या फरशांच्या कारखान्यात बायकांना जेवायला वेगळी जागा द्यावी म्हणून ती भट्टीसमोर तीन दिवस बसली होती, तेही पोटुशी असताना. इथे तर पंखा होता.

बेर्गामोचं जोडपं आलं तेव्हा नवरा जरा कुरकुरला. बायको शहाणी होती. तिने झेलिंदाच्या हनुवटीकडे एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं की आपल्याला काही खिडकीच पाहिजे असं नाही, उलट तिथे ऊनच लागतं. दोघं दुसरीकडे जाऊन बसली.

मग दोन ताटं आली. एक झेलिंदापुढे, एक ओत्ताव्हिओच्या रिकाम्या खुर्चीपुढे. साऱ्या जेवणघरात चमच्यांचा आवाज थांबला. पार्माच्या एका बाईने छातीवर क्रूस काढला आणि दुसरी फळांच्या वाटीत मुसमुसायला लागली. सगळ्यांचं एकमत झालं होतं. बिचारीचं डोकं फिरलं, मेलेल्या नवऱ्याला वाढतेय. आतून इओलेबाईने ओत्ताव्हिओला आवडायची म्हणून मासळीवर दोन लिंबं जास्तीची पाठवली, आणि मोरेनाने मोदेनाला मुलीला फोन लावला.

झेलिंदाला हे सगळं दिसत होतं. तिने खुर्ची मागे सारली, खांबाकडे तोंड केलं आणि भट्टीच्या घरघरीवर चढायचा तो जुना आवाज काढला.

"एव्हारिस्तो, या इकडे. मासळी गार होतेय."

एव्हारिस्तोचे कान लाल झाले. चाळीस डोळे त्याच्यावर, आणि त्यात त्याच्या गल्लीतल्या दोन बायकाही होत्या. एवढ्यात विधवा झालेल्या बाईबरोबर, तिच्या नवऱ्याच्या खुर्चीत! त्याने पेपरची आणखी एक घडी घातली आणि ताटात मान घातली. मासळी गार झाली. झेलिंदाने आपलं ताट चाटूनपुसून संपवलं, मग कोणाकडेही न बघता वर गेली.

दुपारी मुलीचा, लोरेदानाचा, फोन आला. ती आधीच रडत होती. म्हणाली, आई, मी उद्या येते तुला न्यायला, बाबांना जाऊन पाच महिने होत आले हे तुला कळतंय ना?

"मला कळणार नाही तर कोणाला? त्याला शेवटची आंघोळ मी घातली," झेलिंदा म्हणाली. "ताट जिवंत माणसासाठी आहे. यायचं तर जेवायला ये, न्यायला येऊ नकोस."

संध्याकाळी तिने पुन्हा दोन ताटं मांडायला लावली. आणि या वेळी एव्हारिस्तो उठला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता बिचारा. खांबाला हात लावून एक पाऊल पुढे आला, आणि तेवढ्यात कोणीतरी खोकलं. झालं, आला तसा माघारी गेला. झेलिंदा समोरच्या ताटाकडे बघत राहिली. हसायला पाहिजे होतं, कारण असल्या मुखदुर्बळ माणसांची ओत्ताव्हिओ फार छान नक्कल करायचा. सांगायला मात्र कोणी नव्हतं. तेव्हा तिला त्याची आठवण आली, फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच इतकी, आणि तिने आपलं ताट बाजूला सारलं. एका टेबलासाठी आपण स्वतःचं हसं करून घेतोय असंही मनात येऊन गेलं. पण उठून खांबामागे जायचं म्हटलं की पाय उचलत नव्हते. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, म्हणून ती बसून राहिली. तिचं सगळ्यात वाईट व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सोमवारी दुपारी पास्सातेल्ली होत्या, ब्रेडचा चुरा, अंडी आणि चीज मळून केलेल्या, कोंबडीच्या पातळ रश्शात. दुसरं ताट खुर्चीपुढे वाफाळत असताना स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं आणि इओलेबाई बाहेर आली. जेवणाच्या वेळेला ती बाहेर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पंचाहत्तरीची, ठेंगणी, कोपरापर्यंत पीठ.

"माझं ताट दोनदा भरलेलं परत आलं," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाने परत पाठवलं तर मला राग नाही. पण तू म्हणे मुलीला सांगितलंस, ते जिवंत माणसाचं आहे. कोण आहे तो? माझ्या स्वयंपाकात काय वाईट आहे?"

"तुझ्या स्वयंपाकात काही नाही, इओले. तुझ्या खांबात आहे. त्याच्यामागे तू माणसं ठेवतेस, ती बाहेर यायला घाबरतात."

"ती जागा शांत आहे."

"मग तू बस तिथे."

मोरेना मधे पडली. म्हणाली, आई, आत मासे करपतील. इओलेने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती खांबापर्यंत गेली, मागे डोकावली, आणि गिलाव्यासमोरच्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. ही टेबलं तिथे कोणी लावली हे तिला आठवत असावं. सून तेव्हा आलीसुद्धा नव्हती.

"प्रीमो गेल्यापासून तू कुठे जेवतेस?" झेलिंदाने जागेवरूनच विचारलं. प्रीमो म्हणजे इओलेचा नवरा, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"ओट्याशी. उभ्याने. तो असतानाही तशीच जेवायचे."

"म्हणजे खांबाच्याही मागे."

इओलेने एप्रन सोडला. तो कुठे ठेवावा हे न कळून शेवटी मोरेनाच्या खांद्यावर टाकला, आणि येऊन ओत्ताव्हिओच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला उंच होती, पाय टेकत नव्हते. तिने चमचा उचलला, आणि सहज मान वळली तेव्हा चमचा तसाच राहिला.

"इथून समुद्र दिसतो?" ती म्हणाली.

चव्वेचाळीस वर्षं हॉटेलावर तिचं नाव होतं आणि चव्वेचाळीस वर्षांत ती या जेवणघरात एकदाही बसली नव्हती. झेलिंदाने ब्रेडची टोपली तिच्याकडे सरकवली. इओलेने एक घास घेतला, दुसरा घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी आहे."

"नेहमीच असतं," झेलिंदा म्हणाली. "ओत्ताव्हिओ मला बोलू द्यायचा नाही."

इओले आधी रागावली, मग हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पिठाच्या हाताने पुसलं. मग एकदम मालकीणबाई झाली आणि मोरेनाला सांगितलं की चार नंबर झेलिंदाचंच, आणि दुसऱ्या माणसाचे तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, दुःखातली बाई आहे.

झेलिंदाने चमचा खाली ठेवला.

"घ्यायचे. पुरते घ्यायचे. दुःख माझं मी घरून घेऊन आलेय, त्याच्यावर सूट मागायला नाही. ही खुर्ची मी घेतलीय, तिच्यावर कोण बसेल ते मी सांगणार. आज तू बसलीस, कारण मी बसू दिलं. दया करायची असेल तर खांबामागच्या त्या दोघांना भिंतीपासून सोडव, मला नको."

हे बोलणं जरा कडक झालं, तिलाही कळलं. पण परत घ्यावं असं त्यात काही नव्हतं. इओलेने आपल्या रश्शात चिमूटभर मीठ टाकलं आणि ती पुढे जेवू लागली. आत मासे करपल्याचा वास यायला लागला तशी मोरेना धावली, खांद्यावर एप्रन तसाच.

दार आपटून बंद झालं तेव्हा खांबाशेजारी एव्हारिस्तो उभा होता. या वेळी तो पूर्ण बाहेर आला होता, एका हातात नॅपकिनची पिशवी आणि दुसऱ्यात आपली बाटली. तो टेबलापर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, की संध्याकाळी खुर्ची रिकामी असेल तर त्याची यायची इच्छा आहे, फक्त लोक काय म्हणतील याची त्याला धास्ती वाटते.

झेलिंदाने उत्तर पार्माच्या बायकांपर्यंत जाईल अशा आवाजात दिलं.

"म्हणतील, नवऱ्याला जाऊन पाच महिने नाही झाले आणि म्हातारी परक्या पुरुषाबरोबर जेवतेय. खरंच आहे ते, म्हणू देत. साडेसातला या. आणि तो पेपर खोलीवर ठेवून या, मला जेवताना बोलणारं माणूस लागतं."