विलायती मैना

मैनाबाईने शेतातल्या उंच माळ्यावरून गोफण फिरवली, तोच बांधावरून खुशालराव पाटील ओरडला, "ए मैनाबाई, गोटा मारू नको वं!"

"काहून? भोरड्या माही जवारी खाऊन राहिल्या ना!"

"भोरड्या? हे विलायती मैना हाये! पाखरं पाहाले आलेल्या गोऱ्या साहेबाले लय आवडली. आठ दिस मुक्कामी हाये तो. तोवर एकाही पाखराले हात लावायचा नाही."

कापसाला भाव आल्यापासून खुशालरावाला जे दिसे ते विलायतीच दिसे. त्याच्या नादाने अख्ख्या गावाने कापूस पेरला. जवारी एकट्या मैनाबाईची. तेवढेच तिच्या घरचे वर्षाचे खाणे. साहजिकच साऱ्या मुलखातल्या भोरड्या तिच्याकडे जेवायला. अंग गुलाबी, पंख काळे, डोक्यावर काळा तुरा. दिसायला नटलेल्या वऱ्हाडासारख्या, आणि खायलाही तशाच.

साहेब बांधावर वही घेऊन बसे. खुशालराव त्याच्यावर छत्री धरी. तिसऱ्या दिवशी अर्धे वावर रिकामे झाले.

त्या संध्याकाळी मैनाबाईने उरलेल्यातली दोन पेंढ्या कणसे कापली आणि खुशालरावाच्या अंगणातल्या निंबाला बांधू लागली. निंबाखाली वेचलेल्या कापसाचा पांढराशुभ्र ढीग होता. उद्या दुपारी अमरावतीचा दलाल माल पाहायला येणार होता.

"हे काय वं?"

"पाखरं तुमचे पाव्हने ना, पाटील? मंग जेवाले तुमच्या घरी नको? साहेबाले उनात कायले बसवता? इथं खुर्ची टाका."

खुशालराव हुरळला. "तुले अक्कल हाये बरं, मैनाबाई!"

सकाळी साहेब खुर्चीत बसला, मैनाबाई खांद्यावर गोफण टाकून बाजूला उभी राहिली आणि थवा उतरला. घटकाभरात कणसे साफ. मग त्या पोटभर जेवलेल्या पाखरांनी निंबावरच बैठक मारली. कलकलाट असा, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. आणि खाली टपटप, टपटप. बघता बघता कापूस पिठले सांडल्यासारखा दिसू लागला.

"पाटील," साहेबाने वही उघडून विचारले, "या पक्ष्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

खुशालरावाने मैनाबाईच्या खांद्यावरची गोफण हिसकावली.

"भोरडी! हरामखोर भोरडी! हाना हिले!"

साहेबाने मान डोलावून नाव लिहून घेतले.

"अवो पाटील, विलायती मैनाले गोटा मारता?"

"मारतो! तूही मार! तुह्या वावरातही मार!"

"मारतो ना," मैनाबाई म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "पन आधी माही गोफन द्या."