पांढऱ्यावर पांढरं

दुसऱ्यांदा फोटो परत आला तेव्हा ती मुलगी रडली नाही की चिडली नाही. तिने काउंटरवर कागद ठेवला, गडद काचांचा चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक टेकेल इतकं वाकून मोठ्याने वाचून दाखवलं. चेहऱ्याची कड स्पष्ट नाही. फोटोत फेरफार केल्याचं दिसतं. नवीन फोटो जोडावा. मग सरळ उभी राहून ती चिमीला म्हणाली, "मावशी, तुम्ही माझा डावा कान कापलात. आणि पापण्या दोन्हीकडच्या."

सुरात तक्रार नव्हती, त्यामुळे ते चिमीला जास्तच लागलं.

चिमी ही स्टुडिओच्या दोन मालकिणींपैकी धाकटी. वय सेहेचाळीस, पण थोरल्या बहिणीने पाळण्यात असताना ठेवलेलं नाव काही सुटलं नव्हतं. फोटो काढायची ताई, आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून ते निस्तरायची चिमी. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. मागे लावलेला पांढरा कागद ताईच्या फोटोत राखाडी यायचा, कोपऱ्यात सावली धरायचा. मग चिमी माणसाच्या कडेकडेने माउस फिरवून त्याला कापून घ्यायची आणि मागे कोरं पांढरं ओतायची. गिऱ्हाइकाला कधी पत्ता लागला नाही.

या मुलीच्या बाबतीत मात्र पितळ उघडं पडलं. तिच्या अंगात जन्मापासूनच रंग तयार होत नव्हता. केस, भुवया, पापण्या सगळं कापसासारखं पांढरं, आणि कातडी इतकी फिकट की गालावरची शीर दिसावी. ताईने तीन आठवड्यांपूर्वी तिचे फोटो काढले आणि नशिबाने डोळे उघडे आलेला एकच आत दिला. त्यात केस कुठे संपतात आणि कागद कुठे सुरू होतो हे चिमीला कितीही डोळे फाडून दिसेना. तिने अंदाजाने कापलं. तो फोटो परत आला. दुसऱ्या वेळी तिने आणखी बारकाईने कापलं, म्हणजे आणखी चुकीचं कापलं.

मुलीला पियानो सुरात लावण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. परदेशातल्या एका शाळेत वर्षाला बाराच जणांना घेत, त्या बारांत तिची निवड झाली होती. अडलं होतं ते फक्त फोटोपाशी. मागे शुद्ध पांढरं हवं, चष्मा नको, डोळे उघडे, नजर समोर, आणि नंतर कॉम्प्युटरवर काहीही केलेलं चालणार नाही. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचला संपत होती, आणि आज सोमवार होता.

"बुधवारी सकाळी ये," चिमी म्हणाली. "या वेळी मी काढते. कापणार काही नाही."

मुलीने चष्मा डोळ्यांवर ओढला. दारातून वळून म्हणाली, "शाळेत मला खडू म्हणायचे. फळा असला की बरी दिसते मी. तुम्ही पांढऱ्या भिंतीवर लिहायला निघालाय, एवढंच."

ताई काउंटरमागे स्टुलावर पाय टाकून बसली होती. पंधरा दिवसांपूर्वी जिन्यावरून घसरून तिचा घोटा मोडला होता आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. तेव्हापासून नवे फोटो बंद होते, फक्त जुन्यांच्या प्रती काढून देणं चालू होतं. मुलगी दिसेनाशी होईपर्यंत ती दाराकडे बघत राहिली. मग तिने चिमीला शांतपणे विचारलं, की आजवर किती फोटो काढलेस. चिमीने एकही नाही म्हणून सांगितलं. ताईने पुढे विचारलं, की मग बुधवारपर्यंत काय देव प्रसन्न होणार आहे? मुलीला दुसऱ्या कुठल्या मोठ्या स्टुडिओचा पत्ता द्यावा आणि मोकळं व्हावं, असं तिचं म्हणणं पडलं.

"तिचा कान मी कापला," चिमी म्हणाली. "मीच परत आणणार."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून ती कामाला लागली. बसायला माणूस नव्हतं आणि ताईला हलता येत नव्हतं. चिमीने घरून चार अंडी उकडून आणली. एक सोलून बाटलीच्या तोंडावर बसवलं आणि बाटली पांढऱ्या कागदासमोर ठेवली. पांढऱ्यावर पांढरं, वर गुळगुळीत, आणि तासभर न हलता बसणारं. ताईने मान वेळावून ते पाहिलं आणि म्हणाली, की हे गिऱ्हाईक तरी कुरकुर करायचं नाही.

पहिल्या फोटोत अंडं दिसलंच नाही. बाटली होती, तिच्यावर काहीच नव्हतं. चिमीने दिव्याचा जोर कमी केला, तेव्हा अंडं दिसायला लागलं पण मागचा कागद धुण्याच्या पाण्यासारखा झाला. जोर वाढवला, कागद पांढरा झाला आणि अंडं पुन्हा गेलं. दिवा डावीकडून लावला, उजवीकडून लावला, छतावर उजेड मारून पाहिला. पुरता घाम निघाला. सुट्टी संपली, गिऱ्हाइकं आली, गेली. संध्याकाळी तिने पुन्हा तेच केलं आणि पुन्हा तेच झालं. ताई नुसती बघत होती. अंडी मात्र बहिणींनी मीठ लावून खाऊन टाकली.

मंगळवारी सकाळी चिमी नवं अंडं उकडून घेऊन लवकर आली. कालचे सगळे फोटो तिने पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि बाकी काही न बघता फक्त अंड्याची कड बघत बसली. बावीस वर्षं तिने कडाच तर बघितल्या होत्या. हजारो कान, खांदे, सुटलेल्या बटा. आता तिच्या ध्यानात आलं, की कड फक्त समोरचा दिवा खात नाही. मागच्या कागदावर पडलेला उजेड उलटून पुढे येतो आणि पाठीमागून अंड्याला चाटतो. अंडं कागदाच्या जितकं जवळ, तितकं जास्त. तिने नवं अंडं सोलून बाटलीवर बसवलं आणि बाटली कागदापासून तीन पावलं पुढे आणून ठेवली. कागदाला दोन्ही बाजूंनी एकेक दिवा दिला, फक्त कागदापुरता. त्याचा उजेड अंड्यावर येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठे उभे केले. अंड्यासाठी तिसरा दिवा, पांढऱ्या छत्रीतून, जरा बाजूने. मग उजेड मोजायचं मीटर हातात घेऊन कागदाचे चारही कोपरे मोजले. कुठे कमी, कुठे जास्त. कोपरे सारखे होईपर्यंत तिने दिवे बोटभर बोटभर सरकवले. कागद अंड्यापेक्षा थोडाच जास्त उजळ ठेवला, जेमतेम पांढरा होईल इतकाच.

फोटोत अंडं आलं. गोलाई आली, खालची सावलीही आली. पण कडेला अजून ते विरघळत होतं, विशेषतः डावीकडे.

तेव्हा तिला खडूची आठवण झाली. मागे काळं लावता येत नाही हे खरं. पण बाजूला लावायला कोणी मनाई केली होती? फ्रेमच्या बाहेर, अंड्याच्या दोन्ही अंगांना तिने काळे पुठ्ठे उभे केले, अगदी जवळ. काळ्याचा अंधार अंड्याच्या कडेवर पडला आणि पेन्सिलने काढावी तशी बारीक करडी रेघ उमटली. वरून खालपर्यंत, कुठेही न तुटता.

चिमीने तो फोटो ताईसमोर धरला. ताईने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"मला हे येत होतं," ती शेवटी म्हणाली. "तू यायच्या आधी दोन वर्षं मी असंच करायची. मग तू आत बसून सगळं पुसून द्यायला लागलीस. मी दिवे हलवायचंच सोडून दिलं."

"मग काल बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? बावीस वर्षं तुला आत बसवून ठेवलं, हेही मग सांगावं लागलं असतं."

 चिमीने अंडं उचललं, अर्धं ताईला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं, आणि दिव्यांच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या.

बुधवारी मुलगी आईला घेऊन आली. चिमीने तिला खुणेवर स्टुलावर बसवलं, काळे पुठ्ठे जवळ घेतले आणि चष्मा काढायला सांगितलं. चष्मा निघाला आणि सगळ्या तयारीवर पाणी फिरलं. अंड्याला डोळे नव्हते. हिला होते, आणि त्यांना उजेड सोसत नव्हता. स्टुडिओचे दिवे फ्लॅशचे होते, पण त्यांच्या आत बारीक दिवे सतत जळत असतात, उजेड कुठे कसा पडेल ते दिसावं म्हणून. तेवढ्यानेच तिच्या डोळ्यांत सुया टोचल्यासारखं झालं. पापण्या घट्ट मिटल्या, गालांवरून पाणी वाहू लागलं. शिवाय उघडले तरी बुबुळं एका जागी ठरत नव्हती, डावीउजवीकडे सारखी झुलत होती. आई पुढे होऊन म्हणाली, की लहानपणापासून असंच आहे, जवळजवळ प्रत्येक फोटोत हिचे डोळे मिटलेले आहेत. राहू द्या, दुसरं काही बघू.

"दुसरं काही नको," मुलगी डोळे मिटूनच म्हणाली. "मी बसलेय ना."

चिमीने आतले बारीक दिवे बंद केले. खिडकीचे पडदे ओढले. खोलीत जेमतेम दिसेल इतकाच उजेड उरला. दिवे खुणेवरच होते, मोजमाप काल झालं होतं. फ्लॅश उडेल तेव्हा क्षणापुरता उजेड पडेल आणि तेवढाच पुरेसा होता. तिने मुलीला डोळे मिटून राहायला सांगितलं. मी तीन म्हणाले की उघड.

एक, दोन, तीन. डोळे उघडले आणि फ्लॅश उडायच्या आधीच मिटले. पुन्हा. आकडा ऐकला की मुलीचं सगळं अंग आखडायचं, येणाऱ्या उजेडाला घाबरून. चिमीने न मोजता काढून पाहिले, तर डोळे उघडे मिळाले पण नजर कुठेतरी कोपऱ्यात. असे अठरा झाले. मुलीची मान अवघडली. आईने पाण्याचा पेला पुढे केला. ताईने काउंटरमागून विचारलं, की पाच मिनिटं थांबायचं का.

चिमी कॅमेऱ्यामागून बाहेर आली आणि मुलीसमोर उकिडवी बसली.

"तुझे डोळे मध्ये थांबतात का कधी?"

"थांबतात. अगदी एवढासा वेळ. तेवढ्यात अक्षर नीट दिसतं, तेवढ्यातच मी वाचते."

"ते तुला आधी कळतं?"

मुलगी विचारात पडली. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, डॉक्टरांनीसुद्धा नाही. "कळतं बहुतेक," ती म्हणाली. "तार सुरात यायच्या जरा आधी जसं कळतं, तसं."

चिमीने कॅमेऱ्याला लांब वायरचं बटण जोडलं, वायर स्टुलापर्यंत आणली आणि बटण मुलीच्या हातात दिलं. कॅमेरा आपल्या जागी, दिवे आपल्या जागी. आता फोटो तूच काढ, ती म्हणाली. घाई नाही. थांबले असं वाटलं की दाब.

 मुलीने मिटलेले डोळे सावकाश उघडले, कॅमेऱ्याकडे तोंड धरलं. बटण दाबलं. उजेड आला तेव्हा ती दचकली नाही, कारण तो तिनेच आणला होता. पहिला हुकला, नजर जराशी बाजूला होती. दुसऱ्यात ओठ वाकडे झाले आणि ती स्वतःवरच हसली. मग तिची लय बसली. उघड, थांब, दाब. मिटून विसावा. पुन्हा उघड. चिमी पडद्यापाशी उभी राहून एकेक बघत होती आणि फक्त 'जरा हनुवटी खाली' किंवा 'खांदा सैल' एवढंच सांगत होती.

अकराव्या फोटोला तिने हात वर केला.

मागचं पांढरं चारही कोपऱ्यांत सारखं होतं. त्यावर चेहरा स्वच्छ उभा होता. फिकट निळसर डोळे सरळ समोर बघत होते. डावा कान पाळीसकट जागेवर होता. कपाळावरची सुटी बट होती, आणि डोळ्यांवर पापण्या होत्या, लांब, पांढऱ्या, एकेक मोजून घ्यावी अशा.

मुलीने पडद्याला नाक लावून पाहिलं. पापण्यांपाशी ती बराच वेळ थांबली. आईने एकदा फोटोकडे, एकदा मुलीकडे पाहिलं आणि पदराने डोळे टिपत कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली.

चिमीने फोटोला हात लावला नाही. उजळ केला नाही, साफ केला नाही, गालावरची शीरही राहू दिली. मुलीने स्टुडिओतूनच अर्ज पाठवला. गुरुवारी दुपारी अडीच वाजता तिचा फोन आला, की फोटो मंजूर झाला आणि जागा पक्की झाली. चिमी खुर्चीत बसली आणि मग तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून तिने काही खाल्लेलं नाही.

प्लास्टर निघायला आणखी महिना लागला. काठी टेकत ताई कॅमेऱ्यापाशी आली त्या दिवशी एक कुटुंब फोटोसाठी येऊन बसलं होतं, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सात जण. ताईने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणांकडे. चिमीने बाजूला व्हायची तयारी केली.

"असू दे," ताई म्हणाली. "आजोबांच्या टकलावर उजेड फार पडतोय. छत्री जरा वर घे."

चिमीने छत्री वर घेतली. ताईने बाळासमोर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला, सातही जणांनी एकदम तिकडे पाहिलं, आणि चिमीने बटण दाबलं.