बर्फासाठी शिवलेला कोट

मी कोट बोलतोय. बाटलीसारखा हिरवा, जाड लोकरीचा, आतून रजईसारखं अस्तर लावलेला. या गावात मला पाहून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "हा घालणार कुठे?" त्यांचंही बरोबर आहे. इथली थंडी म्हणजे घाईतली पाहुणी. सकाळी येते आणि चहा होईपर्यंत निघूनही जाते.

खरं तर मी सोफा होणार होतो. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायच्या दुकानात माझा तागा आला होता. गिऱ्हाइकाने ऐनवेळी रंग बदलला आणि मी फळीवर धूळ खात पडलो. तिथे खिडकीजवळच्या मशीनवर एक मुलगी बसायची. बोलायची कमी, बघायची फार. तिचं लग्न ठरलं तेव्हा मालकाने विचारलं, "काय देऊ गं तुला?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"अगं, लग्नाला सोफ्याचं कापड?"

"कोट शिवायचाय," ती म्हणाली. "बर्फात जायचंय."

लग्न ठरताना होणाऱ्या नवऱ्याने तिला विचारलं होतं, तुला काय हवंय? दागिना म्हणेल, फार तर समुद्रकिनारा म्हणेल, असं त्याला वाटलं असावं. ती म्हणाली, "हिवाळी ऑलिंपिकला जाऊन कर्लिंग बघायचंय." ते काय असतं, हे त्याला फोनवर शोधावं लागलं. पण शोधल्यावर म्हणाला, "आपली पहिली ट्रिप तीच. शब्द!"

शिवताना ती तोच खेळ लावून ठेवायची, म्हणून मलाही तो कळला. एकजण गोल, गुळगुळीत दगड बर्फावरून सोडतो. एकदा सोडला की त्याला कुणी हात लावायचा नाही. दोघं नुसते त्याच्यापुढे धावतात आणि ब्रशने बर्फ घासत त्याची वाट सोपी करतात. बस, एवढंच. न ढकलता कुणाला पुढे नेता येतं, हे तिला फार आवडायचं.

सासूबाईंनी हे पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगंबाई, झाडूच मारतायत की! एवढ्यासाठी विमानाने जायचं? आपला मागचा जिना मोकळाच आहे."

सगळे हसले. तीही हसली. जिना मात्र तिनेच झाडला.

तिने मला मन लावून शिवलं. बाह्या बोटांपर्यंत लांब, कॉलर कानापर्यंत. उद्या आत स्वेटर घालावा लागला तर, म्हणून प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडली. डावीकडे छातीशी एक चोरखिसा केला, दोन तिकिटं शेजारी शेजारी मावतील एवढा.

बेतही तिचाच. कुठलं विमान, कुठली बस, हॉटेलपासून मैदान चालत किती लांब, सगळं तिने शोधलं. अंतिम सामन्याची तिकिटं काढताना तर तिने ती जागा किती कोनांतून पाहिली! शेवटी कोपऱ्यातल्या दोन लाल खुर्च्या घेतल्या. दगड जिथे येऊन थांबतात, त्याच्या अगदी मागच्या. "इथून तो आपल्याकडे येताना दिसेल," ती नवऱ्याला म्हणाली. तो मान वर न करता म्हणाला, "तू बघ गं, तुला त्यातलं कळतं."

मग सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली, नेमकी ट्रिपच्याच आठवड्यात.

ठरली म्हणजे कशी, ते मला ठाऊक आहे. मी जेवणघरातल्या खुर्चीवर पडलो होतो, बटणं लावायची राहिली होती. दवाखान्यातून फोन आला. घाईचं काही नाही, हा आठवडा किंवा पुढचा, असं पलीकडची बाई सांगत होती. नवरा टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला, "हाच चालेल. घरी माणूस असतं."

आपणच बायकोला बर्फात घेऊन जाणार आहोत, हे तो विसरला की त्याच्या हिशेबात ती कधी निघालीच नव्हती, हे मला आजवर कळलेलं नाही.

तिने एकदाच विचारलं, "पुढचा आठवडा घेता येईल का? बाई तसं म्हणत होत्या ना?"

"आता आईला कसं सांगू? बरं दिसतं का ते?" तो म्हणाला. "आणि थेंब वेळेवर घालायला हवेत. छकुलीच्याने ते होतं का?"

छकुली म्हणजे नणंद. लहान, लाडकी, डोळ्यातलं पाणी पाहूनही चक्कर येणारी. आमच्या हिच्यापेक्षा वर्षाने मोठी.

"वहिनी, मी राहिले असते गं," छकुली म्हणाली. "पण माझे हात थरथरतात. थेंब डोळ्यात कमी आणि कानात जास्त जातील."

"मग आपण दोघांनीही जायला नको," ही हळूच म्हणाली.

"तिकिटं वाया घालवायची?" नवऱ्याला खरंच धक्का बसला. "तू एवढी मेहनत घेतलीस त्याच्यावर! छकुली येईल माझ्याबरोबर. तू सगळं इतकं नीट ठरवलंयस, आम्हाला काही म्हणजे काही त्रास होणार नाही बघ."

छकुलीने मला अंगात घालून पाहिलं. छातीवर बटण लागेना, बाही दंडात अडकली. "वहिनी, जरा सैल कर ना. तुला काय, डाव्या हाताचा मळ!"

ज्या हातांनी मला शिवलं त्याच हातांनी मला उसवलं. एकही धागा तिने ओढून तोडला नाही. राखून ठेवलेली दोन बोटं दुसरीच्या अंगासाठी बाहेर आली. मी असा सैल केला गेलो, आणि निघालो.

तर बर्फ मी पाहिला, तिने नाही. तो चोरखिसा लिपस्टिक आणि अर्ध्या खाल्लेल्या चॉकलेटने भरला. अंतिम सामन्याला आम्ही त्या लाल खुर्च्यांवर बसलो आणि तिने सांगितलं होतं अगदी तस्सा, पहिला दगड आमच्याकडे येत येत वर्तुळात थांबला. मला वाटलं, आता छकुलीचा श्वास अडकेल. तिने जांभई दिली.

"दादा, किती वेळ घासणार रे हे?"

"मलाही काही कळत नाहीये. हिला विचारायला हवं होतं."

"बाहेर ती टोप्यांची दुकानं आहेत ना..."

गुण बरोबरीत होते. शेवटचा दगड राहिला होता. सगळा हॉल गप्प झाला आणि आमचे दोघे लोकांच्या पायांवरून, "सॉरी, सॉरी" करत बाहेर पडले. मागे एकदम केवढा तरी आवाज उठला. तो कशाचा, मला माहीत नाही. मी तेव्हा टोप्या बघत होतो.

घरी परतलो. तिने पाणी दिलं, बॅगा आत नेल्या आणि मग एवढंच विचारलं, "शेवटचा दगड पाहिलात?"

"काय सांगू तुला!" नवरा म्हणाला. "सगळा हॉल उभा राहिला. आम्हीसुद्धा! अंगावर काटा आला."

"हो का," ती म्हणाली.

सासूबाई कोचावर बसल्या होत्या, डोळा आता बरा होता. त्या सहज म्हणाल्या, "मग त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या लाल खुर्च्या कुणाच्या गं? टीव्हीवर तू मला दाखवत होतीस त्या? मी म्हटलं, मला पट्टीतून काय दिसणार!"

ती पाण्याचे पेले उचलून स्वयंपाकघरात गेली.

"टीव्हीवर काय, काहीही दाखवतात," छकुली म्हणाली आणि टोपी घालून आरशासमोर गेली.

नवरा बायकोच्या मागे स्वयंपाकघरात गेला. "अगं, एवढं काय त्यात? खेळच तर आहे. चार वर्षांनी परत असतोच. तेव्हा नक्की."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बघणं तिला चांगलं जमतं. मग ती पेले विसळू लागली.

रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळे आडवे झाले तेव्हा तिने मला मशीनवर घेतलं. चोरखिशातलं चॉकलेट खरवडून काढलं. एकेक शिवण आपल्या मापावर परत घेतली. मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच तिने मोठी कात्री उचलली आणि आत राहिलेलं जास्तीचं कापड शिवणीच्या कडेकडेने कापून टाकलं. सगळीकडचं. हिरव्या पट्ट्या जमिनीवर पडल्या. जिना झाडायच्या झाडूनेच तिने त्या गोळा केल्या.

आता मी डांबरगोळ्यांच्या वासात, कपाटाच्या अगदी कडेला असतो. चार वर्षांनी ती मला घेऊन जाईल, की त्याआधीच मला कसर लागेल, ते मी सांगू शकत नाही. गेलीच, तर कुणाबरोबर जाईल हेही नाही. तुमच्या घरात असा एखादा कोट असेल, तर बाहीत हात घालण्याआधी तो कुणाच्या मापाचा आहे तेवढं पाहा. एवढंच मागणं.

परवा सासूबाईंनी मला उन्हात टाकायला काढलं. आता दोन्ही डोळ्यांनी स्पष्ट दिसतं त्यांना. शिवण उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "हे गं काय? आत बोटभर कापड ठेवलं नाहीस! उद्या कुणाला लागला तर सैल कसा करणार?"

"नाही होणार सैल," ती म्हणाली, आणि मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.